अंदमान-निकोबार : घडलेला आणि हुकलेला इतिहास

अंदमानावर काहीतरी लिहून द्या, असा आग्रह संपादक मंडळाने धरला, तेव्हा त्यांच्या मनात सेल्युलर जेल असणार, हे मी ओळखले. मराठी माणसाच्या मनातले अंदमान म्हणजे ती एक कोठडी. १९११ च्या जुलैत तात्याराव सावरकरांना तेथे नेण्यात आले. थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीच तेथे शिक्षा भोगीत होते. नाशिकचे वामनराव जोशीही तेथेच होते. १९२१ च्या मे महिन्यात सावरकर बंधूंना तेथून हलविण्यात आले. ही हकीकत आपल्या घराघरांत वाचली गेली आहे आणि ती पुन्हा सांगण्याचा अधिकार माझ्याहून मोठ्या लेखकांचा आहे. शासकीय सेवेत असताना पोर्ट ब्लेअर येथे माझी तीन वर्षे नेमणूक होती. (२०२४ च्या सप्टेंबरात शहराचे नाव श्रीविजयपुरम असे करण्यात आले; जुन्या कागदपत्रांत पोर्ट ब्लेअर येते, म्हणून या लेखात तेच ठेवतो.) त्या तीन वर्षांत महाराष्ट्रातून आलेल्या कित्येक पाहुण्यांना मी त्या कोठडीपर्यंत पोहोचविले, उंबऱ्याशी सर्वांबरोबर मीही चपला काढल्या. परंतु कोठडी पाहून झाली, की पाहुणे समुद्रकिनाऱ्याची चौकशी करीत. ही बेटे मुळात भारताकडे कशी, हा प्रश्न एकानेही मला विचारला नाही.

प्रश्न मात्र साधा नाही. नकाशा काढून पाहावा. चेन्नईहून पोर्ट ब्लेअर सुमारे साडेतेराशे किलोमीटर. आणि मोठ्या निकोबारच्या दक्षिण टोकापासून सुमात्रा जेमतेम दीडशे. निसर्गाच्या हिशेबाने ही बेटे ब्रह्मदेश आणि सुमात्रा यांच्यामधील बुडालेल्या डोंगररांगेची शिखरे होत. ती दिल्लीच्या कारभारात आली ती अनेक अपघातांच्या मालिकेतून, आणि त्यांतला एखादा अपघात थोडा निराळा घडता, तर आज तेथे जाण्यासाठी आपणांस पारपत्र लागले असते. आमचे इतिहासाचे प्राध्यापक जर-तरला परीक्षेत गुण देत नसत. पण या बेटांच्या बाबतीत जर-तर हे दफ्तरातील कागदांतूनच समोर येते. ते कल्पनेने रचावे लागत नाही.

आरंभीच एक भ्रम दूर करतो. कान्होजी आंग्र्यांचा तळ अंदमानात होता, असे अनेक माहितीपुस्तिकांत छापलेले आढळते आणि आपल्या लोकांना ते वाचून आनंद होतो. मलाही झाला असता. परंतु कान्होजींचे आरमार कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग या पश्चिम किनाऱ्याच्या दुर्गांवर उभे होते, ते १७२९ मध्ये वारले, आणि त्यांची गलबते बंगालच्या उपसागरात ठाण मांडून होती, याला समकालीन कागदाचा आधार नाही. आंग्र्यांचे मोठेपण कोकण किनाऱ्यावर पुरेसे सिद्ध झालेले आहे. त्यांना उसन्या बेटांची गरज नाही. आपल्या मराठी इतिहासाचा निकोबारशी खरा धागा आहे, तो वेगळ्याच ठिकाणी; तो पुढे येईलच.

इंग्रजांची पहिली वसाहत १७८९ ची. मुंबईच्या आरमारातील लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर याने अंदमानचा किनारा मोजला आणि सप्टेंबर १७८९ मध्ये आजच्या पोर्ट ब्लेअरच्या बंदरात चॅथम बेटावर वसाहत मांडली. त्याच्या ‘वायपर’ नावाच्या जहाजावरूनच पुढे फाशीसाठी कुप्रसिद्ध झालेल्या बेटास नाव मिळाले. जागा निवडण्यात ब्लेअर चुकला नव्हता. बंदर सुरक्षित होते आणि हवाही मानवत होती. परंतु गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस यांचे बंधू कमोडोर विल्यम कॉर्नवॉलिस यांना आरमारासाठी उत्तर अंदमानातले विस्तीर्ण बंदर अधिक पसंत पडले, आणि १७९२ मध्ये सारी वसाहत तिकडे हलविण्यात आली. तेथे तापाने माणसे मरू लागली. १७९६ मध्ये वसाहतच मोडली आणि तिथल्या कैद्यांना पिनांगला पाठविण्यात आले. (बदलीचा हुकूम वरून येतो आणि ताप खालच्या माणसाला येतो, हा अनुभव सरकारी नोकरीत तसा जुनाच.)

येथे पहिला हुकलेला इतिहास आहे. पिनांगची इंग्रज वसाहत १७८६ ची, म्हणजे अंदमानच्या अवघी तीन वर्षे आधीची. दोन्ही बेटे एकाच समुद्रमार्गावर, एकाच हेतूने घेतलेली. पिनांग टिकले आणि तेथे चिनी, तमिळ, मलायी व्यापाऱ्यांचे गजबजलेले शहर उभे राहिले. ब्लेअरची वसाहत त्याच्या पहिल्या जागीच राहिली असती, तर अंदमानातही असे शहर वसण्याचा संभव होता, आणि मग १८५८ मध्ये कैद्यांसाठी रिकामी बेटे शोधणाऱ्यांना दुसरीकडे पाहावे लागले असते. ‘काळे पाणी’ हा शब्द आपल्या भाषेत असताच. त्याचा पत्ता मात्र बदलला असता. वासुदेव बळवंत फडके यांना अंदमानात नेले होते, अशी अनेकांची समजूत असते. वास्तविक त्यांना एडनला नेण्यात आले आणि १८८३ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. म्हणजे साम्राज्याजवळ दूरच्या जागांची टंचाई कधीच नव्हती.

आता निकोबारकडे वळू. या बेटांचे नाव चोळांच्या तंजावर येथील शिलालेखात ‘नक्कवारम्’ असे येते. पुढे युरोपीय जहाजे पाण्यासाठी व नारळांसाठी तेथे थांबत. निकोबारी लोकांनी खलाशांकडून मोडके पोर्तुगीज व इंग्रजी उचलले आणि कप्तानांची नावेही हौसेने धारण केली; ‘लॉर्ड नेल्सन’ नावाचा मुखिया तुमच्या होडीपाशी येऊन नारळाचा भाव करू शकत असे. अशा या बेटांवर १७५५ च्या डिसेंबरात डेन्मार्कने हक्क सांगितला आणि आपल्या राजाच्या नावाने त्यांना ‘फ्रेडरिकची बेटे’ म्हटले. हा कारभार चाले तमिळ किनाऱ्यावरील ट्रांकेबार म्हणजे तरंगमबाडी येथून.

मघाशी म्हटलेला मराठी धागा तो हाच. तरंगमबाडीची जागा डेन लोकांना १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाने दिली होती आणि तिच्यासाठी ते दरसाल नजराणा देत. तंजावरचे राज्य भोसल्यांकडे आले, तेव्हा हा नजराणाही त्यांच्याकडे आला. १७५५ मध्ये तंजावरच्या गादीवर प्रतापसिंह महाराज होते. म्हणजे ज्यांनी निकोबारवर राजाच्या नावाचा झेंडा रोवला, ते डेन स्वतः एका मराठी राजाच्या मुलखात नजराणा भरून राहत होते! या राजाला किंवा त्याच्या दरबाराला त्या बेटांशी काही कर्तव्य होते, असे दिसत नाही. तंजावरने ग्रंथ जमविले, नाटके लिहिली, संगीत पोसले. समुद्रापलीकडे पाहिले नाही. त्याचा दोष देण्याचे कारण नाही, पण चोळांची राजधानी आणि भोसल्यांची राजधानी एकच होती, हे मात्र मनात येऊन जाते.

डेन लोकांचे निकोबारात काय झाले? तेच, जे उत्तर अंदमानात इंग्रजांचे झाले. ताप. वसाहत मांडावी, माणसे मरावीत, उरलेल्यांनी परतावे, पुन्हा काही वर्षांनी नवी तुकडी यावी, असा क्रम जवळजवळ शतकभर चालला. १७६८ मध्ये मोरेवियन पंथाचे धर्मोपदेशक नानकौरी बेटावर गेले. ती माणसे स्वतः लाकूड तोडीत, घरे बांधीत, शंखशिंपले जमवून विकीत. त्यांच्यापैकी हेन्सेल याने लिहून ठेवले आहे, की अकरा सहकारी नानकौरीतच पुरले गेले आणि तेरा जण तरंगमबाडीस परतल्यावर लवकरच मरण पावले. १७८७ मध्ये ते कार्य बंद झाले. निकोबारी माणसे त्यांच्याशी सौजन्याने वागली, पण एकानेही त्यांचा धर्म घेतला नाही.

मधल्या काळात ऑस्ट्रियाने या बेटांवर उडी घेतली, ही गोष्ट अगदी कमी लोकांना ठाऊक आहे. विल्यम बोल्ट्स नावाचा, इंग्रज कंपनीने बंगालमधून घालवून दिलेला एक गृहस्थ ऑस्ट्रियाच्या महाराणी मारिया तेरेसा हिची सनद मिळवून ‘जोसेफ आणि तेरेसा’ या जहाजातून पूर्वेकडे आला. १७७८ मध्ये त्याच्या लोकांनी नानकौरी, कामोर्टा, ट्रिंकेट आणि कच्छाल या चार बेटांचा ताबा घेतला. तेथील रहिवाशांशी रीतसर करारही केला म्हणतात. ज्या समाजात जमीन ‘तुहेत’ या मोठ्या एकत्र कुटुंबाची असते आणि विकता येत नाही, त्याने या कराराचा काय अर्थ घेतला असेल, हे आपण आपल्या गावकीच्या अनुभवावरून ताडू शकतो. बोल्ट्सने मूठभर माणसे मागे ठेवली आणि तो निघून गेला. व्हिएन्नाहून रसद आली नाही, डेन लोकांनी तक्रार केली, प्रमुख मरण पावला, आणि काही वर्षांतच उरलेल्यांनी गाशा गुंडाळला. एक जहाज वेळेवर न पोहोचल्यामुळे मध्य युरोपातील एका सम्राटाचे हिंदी महासागरातील राज्य संपले.

तरी ऑस्ट्रियाने आशा सोडली नव्हती. १८५८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘नोव्हारा’ ही त्यांची युद्धनौका शास्त्रज्ञांना घेऊन निकोबारात फिरत होती. वसाहतीस जागा योग्य आहे काय, हे त्यांना पाहावयाचे होते. त्याच १८५८ च्या मार्चच्या १० तारखेस सुमारे चारशे किलोमीटर उत्तरेस डॉ. जे. पी. वॉकर दोनशे कैद्यांना घेऊन अंदमानात उतरला. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांना कैद्यांसाठी जागा हवी होती, डॉ. मोआट यांच्या समितीने ब्लेअरची जुनी जागाच योग्य ठरविली. साठ वर्षांनी का होईना, ब्लेअरचे म्हणणे खरे ठरले! त्याचे नाव त्या बंदरास देण्यात आले.

डेन्मार्कने १८४५ मध्ये तरंगमबाडी आणि श्रीरामपूर ही दोन्ही ठाणी इंग्रजांना साडेबारा लाख रुपयांस विकली. त्या खरेदीखतात निकोबार नव्हते. त्याच सुमारास ‘गॅलेथिया’ ही डॅनिश नौका जगप्रदक्षिणेच्या वाटेवर निकोबारात येऊन गेली आणि मोठ्या निकोबारच्या एका नदीस व उपसागरास आपले नाव ठेवून गेली. पुढे १८६४-६५ च्या सुमारास नव्यानेच एक झालेल्या इटलीने ही बेटे विकत घेण्यासाठी डेन्मार्कशी बोलणी केली, तीही फिसकटली. अखेर नानकौरीच्या परिसरात जहाजे लुटली जातात व खलाशी मारले जातात, या कारणास्तव इंग्रजांनी पुढाकार घेतला, १८६८ मध्ये डेन्मार्कने हक्क सोडला आणि १८६९ मध्ये इंग्रजांचा ताबा आला.

समजा, ही बेटे डेन्मार्ककडेच राहिली असती, तर? उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. डेन्मार्कजवळ वेस्ट इंडीजमध्ये अशीच तीन बेटे होती. ती त्याने १९१७ मध्ये अमेरिकेस अडीच कोटी डॉलर्सना विकली. विकण्यापूर्वी डेन्मार्कमधील मतदारांचा कौल घेण्यात आला. बेटांवरील रहिवाशांचा अधिकृत कौल मात्र घेण्यात आला नाही. निकोबारचे भवितव्य याहून निराळे असते, असे मानण्यास मला आधार दिसत नाही. ऑस्ट्रिया, इटली, डेन्मार्क यांच्या झेंड्यांचे रंग निराळे, व्यवहार तोच.

अंदमानच्या दंडवसाहतीची कथा सर्वांस ठाऊक आहे, म्हणून ती येथे विस्ताराने सांगत नाही. १८७२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोचा तेथील होपटाउनच्या धक्क्यावर शेर अलीने खून केला. १९०६ मध्ये सेल्युलर जेलचे सात बाहूंचे बांधकाम पुरे झाले. परंतु एक आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा अशी माझी विनंती आहे. ग्रेट अंदमानी म्हणून ओळखले जाणारे मूळ रहिवासी इंग्रज आले तेव्हा हजारोंच्या संख्येत होते. १९०१ च्या जनगणनेत ते ६२५ भरले, १९३१ मध्ये ९०, १९६१ मध्ये १९. बंदुकीने जितके मारले, त्याहून पुष्कळ अधिक गोवर आणि उपदंश यांनी मारले. १८७७ च्या गोवराच्या साथीने तर वस्त्याच्या वस्त्या ओस पाडल्या. त्यांच्या ‘बो’ या भाषेची अखेरची जाणकार बाई २०१० च्या जानेवारीत वारली. या लोकांच्या बाबतीत कोणताही जर-तर मांडू लागलो, की लेखणी अडते. पिनांगसारखे शहर झाले असते तरी गोवर आलाच असता. कदाचित लवकर आला असता.

२३ मार्च १९४२ रोजी जपानी सैन्य पोर्ट ब्लेअरात उतरले. पुढच्या वर्षी डिसेंबरच्या ३० तारखेस नेताजी सुभाषचंद्रांनी तेथे तिरंगा फडकविला आणि बेटांना ‘शहीद’ व ‘स्वराज’ ही नावे दिली. हा क्षण आपल्या सर्वांच्या अभिमानाचा आहे. तथापि प्रत्यक्ष सत्ता जपानी अधिकाऱ्यांच्याच हाती राहिली. आझाद हिंद सरकारचे प्रमुख आयुक्त म्हणून आलेले कर्नल लोगनाथन यांच्या वाट्यास मुख्यत्वे शिक्षण खाते आले. नेताजी परत गेल्यावर महिनाभरात, ३० जानेवारी १९४४ रोजी हंफ्रीगंज येथे ४४ जणांना हेरगिरीच्या आरोपावरून गोळ्या घालण्यात आल्या. डॉ. दिवाणसिंग त्याआधीच सेल्युलर जेलमध्ये छळ सोसून मरण पावले होते. कार निकोबारातही अनेकांचा बळी गेला. तेथील धर्मगुरू जॉन रिचर्डसन थोडक्यात बचावले. जपान जिंकला असता, तर बेटांवर कोणाचे राज्य असते, हे नावांवरून ठरविता येणार नाही. शिक्षण खात्याच्या त्या एका नोंदीवरून पुष्कळसे ठरविता येते.

सर्वांत निकटचा हुकलेला इतिहास १९४७ चा आहे. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याच्या कायद्याचा मसुदा लंडनमध्ये तयार होत असता ब्रिटिश सेनाप्रमुखांनी आग्रह धरला, की अंदमान-निकोबार हिंदुस्थानास देऊ नयेत. मलाया, सिंगापूर व ऑस्ट्रेलिया यांच्याकडे जाणाऱ्या हवाई व सागरी मार्गावर ही बेटे. ती ब्रिटनने आपल्याकडे ठेवावीत. त्याच उन्हाळ्यात मुस्लिम लीगने दावा केला, की पाकिस्तानचे पूर्व व पश्चिम भाग समुद्रानेच जोडलेले असल्यामुळे ही बेटे पाकिस्तानला मिळावीत. अँग्लो-इंडियन समाजातील काहींनी तर तेथे स्वतःची मायभूमी वसविण्याचे स्वप्न पाहिले होते. बेटे तोडून घेतली तर काँग्रेस ते मान्य करणार नाही आणि साऱ्या वाटाघाटीच धोक्यात येतील, अशी माउंटबॅटन यांनी लंडनला स्पष्ट जाणीव दिली, आणि सेनाप्रमुखांची सूचना मागे पडली. एवढ्या मोठ्या घडामोडींत, ज्या वेळी पंजाब आणि बंगाल दुभंगत होते, त्या वेळी हा प्रश्न काही आठवड्यांत, काही तारांत निकालात निघाला.

सेनाप्रमुखांचे ऐकले गेले असते तर काय झाले असते, याचेही उत्तर याच महासागरात मिळते. मॉरिशसला स्वातंत्र्य देण्यापूर्वी, १९६५ मध्ये, ब्रिटनने त्याच्यापासून चागोस बेटे तोडून घेतली, त्यांतील दिएगो गार्सिया अमेरिकेस लष्करी तळासाठी दिले, आणि १९७३ पर्यंत तेथील सुमारे दीड-दोन हजार रहिवाशांना उठवून मॉरिशस व सेशेल्समध्ये नेऊन सोडले. त्यांच्या पाळीव कुत्र्यांनाही मारून टाकण्यात आले. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे विभाजन बेकायदा असल्याचे मत दिले. बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर ब्रिटनने सही केली ती २०२५ च्या मे महिन्यात. मॉरिशसमध्ये आपले मराठी बांधव पिढ्यान् पिढ्या राहत आहेत. त्यांच्या देशाच्या वाट्यास आलेली ही गोष्ट वाचताना मला नेहमी कार निकोबारची विमानाची धावपट्टी आठवते. दिएगो गार्सियाचे काम तिनेही केले असते.

कारकुनी सोयीने बेटांचे भाग्य कसे ठरते, याचे एक लहानसे उदाहरण कोको बेटांचे. ही अंदमानच्याच रांगेतली, उत्तर अंदमानास अगदी लागून असलेली बेटे. पंडित नेहरूंनी ती ब्रह्मदेशास देऊन टाकली, असे आजही ठासून सांगितले जाते. ते खरे नाही. तेथील दीपगृह आणि रहिवाशांची रसद यांची सोय पोर्ट ब्लेअरहून नीट होईना, म्हणून १८८२ मध्ये इंग्रजांनीच त्यांचा कारभार रंगूनकडे सोपविला, आणि १९३७ मध्ये ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला तेव्हा ती त्याच्याबरोबर गेली. एखाद्या टिपणावर ‘मान्य’ असा शेरा मारणाऱ्या त्या अधिकाऱ्यास आपण देशाची सीमा आखतो आहोत, याची कल्पना असण्याचा संभव नव्हता. मी स्वतः आयुष्यभर टिपणांवर शेरे मारीत आलो आहे, म्हणून हे उदाहरण मला विशेष वाटते.

या सर्व प्रकरणांत एक गोष्ट समान आहे. कोपनहेगन, व्हिएन्ना, तुरीन, टोकियो, लंडन, कराची आणि नवी दिल्ली या सर्वांची मते कागदोपत्री सापडतात. बेटांवरच्या माणसांचे मत कोठेच सापडत नाही. ही बेटे आपल्याकडे आली हे त्यांच्याही दृष्टीने भाग्याचे ठरले, असे माझे प्रामाणिक मत आहे. चागोसचा विचार केला तर ते पटेल. पण भाग्य म्हणजे संमती नव्हे. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत बेटांचे प्रतिनिधी म्हणून, जपान्यांच्या हातून वाचलेले तेच जॉन रिचर्डसन बसले. परंतु राष्ट्रपतींनी नेमलेले सदस्य म्हणून. तेथील जनतेने लोकसभेसाठी स्वतः मतदान केले ते १९६७ मध्ये.

कैद्यांच्या वंशजांना तेथे ‘लोकल बॉर्न’ म्हणतात. दहा-बारा वर्षे शिक्षा भोगलेल्या चांगल्या वर्तणुकीच्या कैद्यास ‘स्वावलंबी’ म्हणून जमीन मिळे आणि साउथ पॉइंटच्या तुरुंगातील स्त्री-कैद्याशी विवाह करण्याची मुभा असे. पंजाबचा पुरुष, बंगालची स्त्री. जात विचारण्याची सोय नाही. मुले हिंदुस्थानी बोलणारी. पुढे मलबारातून मोपले आणले गेले, त्यांनी आपल्या नव्या वस्त्यांना कालिकत, मंजेरी, वंडूर अशी मागे राहिलेली नावे दिली. १९४९ पासून पूर्व बंगालचे निर्वासित आले. १९४५ मध्ये दंडवसाहत संपली, तेव्हा कैद्यांना परत जाण्याची मोकळीक मिळाली. अनेक गेले, अनेक राहिले.

माझ्या कार्यालयात असा एक लोकल बॉर्न सहकारी होता. वयाने माझ्याएवढाच, हिशेबात अत्यंत चोख. ओळख झाल्यावर आपल्या सवयीप्रमाणे मी त्याला विचारले, ‘‘तुमचे मूळ गाव कोणते?’’ तो म्हणाला, ‘‘अ‍ॅबरडीन.’’ म्हणजे पोर्ट ब्लेअरमधला बाजार. मी म्हटले, तसे नव्हे, त्याच्या आधीचे. तो थोडा थांबला आणि म्हणाला, पणजोबा मुंबई इलाख्यातून आले, एवढे घरात सांगतात. गाव कोणी सांगितले नाही, कारण कशासाठी आले हेही मग सांगावे लागले असते. मला त्या प्रश्नाचा फार संकोच वाटला. त्याला मात्र काहीच वाटलेले दिसले नाही. त्याने उलट मला विचारले, ‘‘आणि आपले?’’ मी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाचे नाव सांगितले. तेथे शेवटी कधी गेला होतात, असे त्याने विचारले, तेव्हा मला वर्ष आठवावे लागले.

बदली होण्यापूर्वी त्याच सहकाऱ्याबरोबर मी मोठ्या निकोबारला सरकारी कामासाठी गेलो. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात बेटाचे दक्षिण टोक चार मीटरांहून अधिक खचले. इंदिरा पॉइंटचे दीपगृह आता पाण्याच्या कडेशी उभे दिसते. तेथून थोडे अलीकडे गॅलेथियाचा उपसागर आहे, जेथे मोठ्या समुद्री कासवांच्या माद्या अंडी घालण्यास येतात. या उपसागरात मोठे बंदर उभारण्याच्या योजनेस २०२२ मध्ये पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली आहे. त्या बेटावरील शोंपेन लोकांची संख्या २०११ च्या जनगणनेत २२९ होती. सरकारी सेवकाने यावर अधिक लिहिणे प्रशस्त नव्हे. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही वाळूवर उभे होतो. सहकाऱ्याने मला विचारले, ‘‘गॅलेथिया कोण होती?’’ मी सांगितले, एका डॅनिश जहाजाचे नाव. तो म्हणाला, मग त्याआधी याला काय म्हणत असतील? आमच्याबरोबर आलेल्या निकोबारी वाटाड्याला आम्ही विचारले. त्याने एक शब्द सांगितला. मी तो कागदावर लिहून घेऊ लागलो, पण देवनागरीत तो नीट उतरेना.